अर्धलीची कोंबडी

आमच्या घरी कोंबडी आली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि गेली ती शिक्षण खात्याच्या साहेबांमुळे. मधल्या दिवसांत तिला सांभाळताना आम्ही ज्या चुका केल्या त्या मला आजही पाठ आहेत, कारण प्रत्येकाची चूक ज्याच्या त्याच्या स्वभावाबरहुकूम होती. अण्णांनी पुस्तक वाचून चुका केल्या, आईनं मायेनं केल्या, माझ्या धाकट्या भावानं, बाळूनं, हात लावून केल्या आणि मी नुसतं बघत राहून केल्या. पुढे जन्मभर ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे बघत राहण्याला मी वाचन म्हणू लागले, ती गोष्ट वेगळी.

अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि त्यांची बदली मुरुमहून तेरखेड्याला झाली होती. मुरुम आईचं माहेर. तिथं गल्लीतली निम्मी माणसं तिच्या नात्यातली आणि उरलेली ओळखीची. बोलताना मधेच एखादा कानडी शब्द आला तरी कुणी वळून बघत नसे. तेरखेड्यात तिचं कुणी नव्हतं. शिवाय गाव फटाक्यांचं. शिवारातल्या शेडांपाशी दुपारी माल तपासायला एखादा बार उडवत. पहिले काही दिवस तो आवाज झाला की आई हातात असेल ते खाली ठेवायची, मग तो तापलेला तवा का असेना. पुढे ती सवय गेली. पुढे पुढे तर एखाद्या दुपारी बार झाला नाही की मान वर करून म्हणायची, "आज काय झालं यांना?" माझे कान तेव्हाच तयार झाले. आता धाराशिवला आमच्या कॉलनीत दिवाळीच्या दिवसांत लोक आवाजाची तक्रार घेऊन एकमेकांकडे जातात, तेव्हा मला त्रासल्यासारखा चेहरा करावा लागतो.

आमच्या आणि हलीमाबीच्या परसामधे कमरेएवढी मातीची भिंत होती, तीही एका जागी ढासळलेली. हलीमाबी आईपेक्षा वयानं थोडी मोठी, उंच, हाडापेरानं मजबूत. आम्ही मुलं तिला चाची म्हणायचो. तिचा नवरा फटाक्यांच्या शेडात कामाला होता आणि ती घरी बसून कागदाच्या नळ्या वळायची. रद्दी कागदाच्या कापलेल्या पट्ट्या यायच्या. पट्टी लोखंडी सळईवर गुंडाळायची, कडेला खळ लावायची, सळई ओढून घ्यायची की नळी झाली. दारू भरण्याचं काम तिकडे शेडात, घरी फक्त कागद आणि खळ. ही खळ मैद्याची, पण तिच्यात मोरचूद घालत, म्हणजे उंदीर आणि कसर कागदाला तोंड लावत नाही. त्यामुळे ती निळसर दिसायची. चाची आम्हाला बजावायची, "बोटं चाटायची न्हाईत बरं का. जहर हाय त्यात."

आई आधी भिंतीशी उभी राहून बोलायची. मग भिंत ओलांडून बसायला लागली. बसलेल्या बाईला रिकामे हात सहन होत नाहीत, त्यामुळे थोड्याच दिवसांत तीही नळ्या वळायला लागली. कधी तिकडे, तर कधी कागद आणि खळीची वाटी घेऊन आमच्या परसात. तिच्या नळ्या चाचीच्या नळ्यांत मिसळून जात. त्या दोघी काय बोलत ते मी पुष्कळदा ऐकलं आहे. फार मोठं काही नसायचं. कुणाची सून कशी, तुरीची डाळ यंदा शिजायला का त्रास देते, असलंच. पण त्या गावात आई मोकळी हसायची ती तेवढ्याच वेळात, हे मला त्याही वयात कळत होतं.

अण्णांना नळ्यांचं माहीत नव्हतं. दर झेंडावंदनाला ते श्रमप्रतिष्ठेवर बोलत, आणि चांगलं बोलत. श्रमाला प्रतिष्ठा असते हे त्यांना मनापासून मान्य होतं; फक्त ती आमच्या घरात शिरावी असं त्यांना वाटत नव्हतं. मास्तरच्या बायकोनं फटाक्याच्या नळ्या वळल्या हे शाळेत कळलं तर आपण फळ्यासमोर उभं कसं राहायचं, असं ते म्हणाले असते. आईनं त्यांना ते म्हणण्याची संधीच दिली नाही. दुपारी शाळा सुटायच्या आत सगळं भिंतीपलीकडे जायचं.

त्या वर्षी बाळूला तापातून उठल्यावर अन्न लागेना. डॉक्टरांनी अंडं द्या म्हणून सांगितलं. अण्णांच्या गळ्यात माळ होती, पण डॉक्टर हे शिकलेले गृहस्थ असल्यामुळे त्यांनी हरकत घेतली नाही. हरकत होती ती भांड्यांची. मग परसात तीन दगडांची वेगळी चूल झाली, आणि एक पोचा आलेलं जर्मनचं भांडं फक्त अंड्यासाठी ठेवलं गेलं. ते उन्हापावसात बाहेरच पडलेलं असायचं, एखाद्या जातीबाहेर टाकलेल्या नातेवाइकासारखं. दुकानातलं अंडं शिळं निघायला लागलं तेव्हा चाचीच म्हणाली, "कोंबडी घ्या की माझी. अर्धलीनं."

अर्धली म्हणजे काय हे आईला नीट ठाऊक नव्हतं. चाचीनं भिंतीवर हात ठेवून सगळं सांगितलं. "कोंबडी माझी ऱ्हाईल. संभाळायची तुमी. अंडी पोराला घाला. खुडूक झाली की बसवायची, अन् पिलं निघाली की निम्मी तुमची, निम्मी माझी."

"आणि मेली तर?"

"मेली तर मला दाखवायची. नुसतं मेली म्हणून सांगायचं न्हाई. मांजरानं नेली तर पिसं दाखवायची."

आई हसली. "अहो, आम्ही काय खाणार आहोत का तिला? ह्यांच्या गळ्यात माळ आहे."

"माळंचा काय संबंध? माझ्या सख्ख्या भैनीला दिली तवाबी हेच बोलली म्या. दाखवायची म्हंजे दाखवायची."

आई बरं म्हणाली. अंगावर ठिपके असलेली ती कोंबडी, कबरी, आमच्या परसात आली.

अण्णांनी पंचायत समितीतून कुक्कुटपालनाची पुस्तिका आणली. त्या दिवसापासून घरात कोंबडी हा शब्द बंद झाला. कबरीला ते 'पक्षी' म्हणू लागले. पक्ष्याला हवेशीर निवारा पाहिजे, असं पुस्तिकेत होतं. शाळेतला एक निकामी झालेला लाकडी फळा त्यांनी रीतसर मागून घेतला आणि त्याचं खुराडं केलं. दारावर कधीकाळचा सुविचार पुसट दिसत होता. आळस हा माणसाचा कुणीतरी असतो, एवढंच वाचता यायचं. वर अण्णांनी पांढऱ्या रंगानं 'आदर्श पक्षीगृह' असं लिहिलं. सरपंचांनी येऊन नारळ फोडला. कबरी एकही रात्र त्या घरात झोपली नाही. रंगाच्या वासामुळे असेल किंवा नारळाच्या आवाजामुळे असेल, ती सरळ सरपणाच्या ढिगाआडच्या वेताच्या एका फुटक्या पाटीत जाऊन बसायची. पक्ष्याला शांत वातावरण लागतं, असंही पुस्तिकेत होतं. अण्णांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, आणि त्याच वेळी शिवारात एक बार उडाला. कबरीनं मानही हलवली नाही. ती त्याच गावात जन्मलेली होती.

आईची चूक अशी की तिनं कबरीला बाळूबरोबर जेवू घातलं. भाकरीचा काला, ताकातली कणी, एकदा तर तुपाची बेरी. कबरी गुबगुबीत झाली आणि अंडी द्यायची थांबली. चाचीनं तिला उचलून पोटाखाली चाचपलं आणि म्हणाली, "बाई, बाळंतीण हाय का ही? चरबी धरली हिनं. चार दिस नुसती हिंडू द्या." पुन्हा अंडी सुरू झाली तर आईनं ती स्वच्छ धुऊन ठेवायला सुरुवात केली, आणि धुतलेली अंडी लवकर नासतात हे नाकाला कळल्यावरच कळलं. बाळू अंडं कानाशी धरून आत कुणी बोलतं का ते ऐकायचा. त्यात दोनचार फुटली. मी काय केलं, तर कबरी कडब्याच्या गंजीखाली चोरून अंडी घालते हे मी रोज बघत होते, पण मला कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. पुढे ती अंडी नेवल्यानं, म्हणजे मुंगसानं, खाल्ली. त्याचं कामही मी बघितलं. फार नीटनेटकं होतं.

अशा सगळ्या चुकांतून वाचून कबरी एकदा खुडूक झाली. अंग फुगवून, कुणी जवळ गेलं की घोगरा आवाज काढून, ती पाटीतून उठेना. चाची आली. तिनं पाटीत राख आणि भुसा घातला, अंडी एकेक करून उजेडापुढं धरून निवडली, आणि त्यांच्यात एक गंजका खिळा ठेवला.

"खिळा कशाला?" आईनं विचारलं.

"बाराच्या आवाजानं अंडं गरगटतं. लोखंड असलं की न्हाई होत."

अण्णांनी पुस्तिका चाळली. खिळ्याबद्दल तिच्यात काही नव्हतं. "याला शास्त्रीय आधार नाही," ते म्हणाले.

"नसू द्या गुरुजी," चाची म्हणाली. "खिळा काय खातो का तुमचं?"

मांजरापासून जपायला कबरीवर बांबूचं डालं पालथं घातलं गेलं. दिवसातून एकदा आई ते उचलायची, कबरी उतरून चारा-पाणी करायची, पंख झटकायची आणि पुन्हा जाऊन बसायची. आईनं त्या दिवसांत नळ्या वळायला डाल्याजवळच बसायला सुरुवात केली. खुडूक कोंबडीची सोबत फार चांगली असते, असं ती म्हणायची. ती ऐकते आणि उत्तर देत नाही.

पिलं निघायला आठवडाभर उरला असेल. शाळेच्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले होते. तपासणी लवकर आटोपली आणि अण्णा त्यांना आदर्श पक्षीगृह दाखवायला घेऊन आले. दारातून अण्णांचा आवाज आला. त्यांचा एक ठेवणीतला आवाज होता, तो वरिष्ठ बरोबर असले की निघायचा. शब्द तेच, पण प्रत्येकाला इस्त्री केलेली. आईनं कागद गोधडीखाली सारले, नळ्या पिठाच्या डब्यात टाकल्या, आणि खळीची वाटी कुठं ठेवावी हे सुचेना म्हणून डालं उचलून कबरीच्या शेजारी सरकवली. ते मी पाहिलं. तिला ती लगेच काढून घ्यायची होती.

साहेब परसात आले. त्यांनी पक्षीगृहाभोवती एक फेरी मारली, दार उघडलं, आत वाकून पाहिलं.

"पक्षी कुठे आहेत?"

"पक्षी सध्या तिकडे आहे, साहेब. अंड्यांवर."

"मग हे?"

"हे आदर्श आहे, साहेब," अण्णा म्हणाले.

साहेबांना हे उत्तर पुरलं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर मलाही ते आता पुरतं. मग चहा झाला. चहाबरोबर पोहे झाले. पोहे खाताना साहेबांना पिठल्याची आठवण झाली आणि ते जेवायलाच थांबले. आई चुलीपुढून उठलीच नाही. साहेब गेले, भांडी झाली, बाळू झोपला, आणि त्या गडबडीत वाटी आईच्या डोक्यातून पार निघून गेली. सकाळी तिनं डालं उचललं तर कबरी अंड्यांवर मान टाकून पडलेली होती आणि वाटी चाटूनपुसून साफ होती.

आईनं वाटी उचलून पदराखाली धरली. एवढंच केलं. तोवर अण्णा आले. "मानमोडी," त्यांनी निदान केलं. कोंबड्या मरतात त्या एकाच रोगाचं नाव गावात सगळ्यांना माहीत असतं. पुस्तिकेत स्पष्ट होतं, रोगानं मेलेला पक्षी ताबडतोब खोल पुरावा आणि वर चुना टाकावा. "हलीमाबीला येऊ द्या," आई म्हणाली. चाची आदल्या दिवशीच मुलीकडे गेली होती आणि दुसऱ्या दिवशी परत येणार होती. "रोग कुणाची वाट बघत नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी कबरीला वर्तमानपत्रात गुंडाळलं, तोंड दुसरीकडे करून उचललं आणि शेवग्याखाली खड्डा करून पुरलं. शाळेच्या रंगकामातला उरलेला चुना वर टाकला. आईनं त्यांना अडवलं नाही. दाखवायची अट तिला आठवत होती. पण दाखवली असती तर चोचीला लागलेली निळी खळही दिसली असती, आणि त्या क्षणी तिला तेही नको होतं.

चाची आल्यावर आई भिंतीशी गेली. "हलीमाबी, कोंबडी मेली हो."

"अगं माय. कुठं हाय? दाखवा."

"पुरली. ह्यांनी पुरली. चुना टाकला."

चाचीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. "पुरली," ती म्हणाली. "मला न दाखवता." आणि घरात गेली. त्या दुपारी तिनं दाराच्या त्या बाजूला बसून नळ्या वळल्या, जिथून आमचं परस दिसत नाही.

दोन घरांपलीकडच्या गोदाकाकूंना हे कळायला संध्याकाळ पुरली. आडावर त्या म्हणाल्या, "माळ गळ्यात अन् कोंबडी पोटात. परसात येगळं भांडं हाय त्यांचं, म्या ह्या डोळ्यानं बघितलंय." आमचं ते पोचा आलेलं भांडं असं एकदम पुरावा होऊन बसलं. आईकडे अंडी तेवढी उरली होती; कबरी मेली त्या सकाळपासून तिनं ती चुलीजवळ उबेला ठेवली होती. एखादी दुसरी खुडूक कोंबडी मिळाली तर त्यातली काही वाचतील म्हणून ती दोन-तीन घरी विचारायला गेली. एकीनं नाही म्हणून सांगितलं. दुसरीनं विचारलं, "आई खाल्ली, आता लेकरं कशाला वाचवता?" आई परत आली. तिनं भुशाची टोपली चुलीच्या भिंतीला लावली, अंडी खिळ्यासकट त्यात ठेवली, वरून जुनं लुगडं घातलं, आणि स्वयंपाक करताना हात धुऊन धुऊन ती फिरवत राहिली. चुलीकडच्या बाजूची काही उकडली. आई कुणाशी फारसं बोलत नव्हती. दुपारी बार झाला की ती पहिल्यासारखी हातातलं खाली ठेवायला लागली, हे मात्र मी पाहिलं.

गोदाकाकूंचं वाक्य फिरत फिरत शाळेत पोचलं. मुलांनी ते फळ्यावर लिहिलं नाही, पण आपापसात म्हटलं, आणि अण्णांनी ऐकलं. त्यांनी सरपंचांना आणि हेडमास्तरांना घरी बोलावलं, चाचीला बोलावलं. गोदाकाकू न बोलावता आल्या. सतरंजी अंथरली गेली. अण्णा उभे राहिले. घरातसुद्धा काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते उभे राहत.

"हा एका कोंबडीचा प्रश्न नाही," ते म्हणाले.

"मग कशाचा हाय गुरुजी?" सरपंचांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"चारित्र्याचा. मी हलीमाबींना दुसरा पक्षी आणून द्यायला तयार आहे. याहून उत्तम जातीचा."

"मला दुसरी नगं," चाची म्हणाली. ती सतरंजीवर बसली नव्हती, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "म्या भरपाई मागत न्हाई. खाल्ली असल तर खाल्ली म्हणा, लेकराला घातली म्हणा, म्या सोडून देत्ये. पण दाखवायचं ठरलं होतं. मास्तरीणबाईनं बरं म्हणलं होतं."

हे ती अण्णांना सांगत नव्हती. आई चुलीच्या खोलीच्या दारात होती, तिला सांगत होती.

सरपंच म्हणाले, "कुठं पुरली?"

"शेवग्याखाली."

"मग उकरा की. त्यात काय."

अण्णांनी रोग, हवा आणि पुस्तिका यांबद्दल बोलायला सुरुवात केली. ते एका वाक्याच्या मध्यावर असतानाच परसातून खुरप्याचा आवाज आला. आई शेवग्याखाली बसून माती काढत होती. सगळे उठून मागे गेले. अण्णाही गेले; वाक्य पुरं करायला कुणी उरलं नव्हतं.

चुना ढेकळासारखा घट्ट झाला होता. आईनं तो हातानं बाजूला केला आणि वर्तमानपत्राचा ओला गोळा बाहेर काढून उलगडला. कबरी त्यात पुरती होती, पिसांसकट. गोदाकाकूंनी पदर नाकाला लावला आणि दोन पावलं मागं सरकल्या. त्यांचं काम झालं होतं. चाची खाली बसली. तिनं कबरीची मान बोटानं वळवली. चोचीच्या कडेला आणि गळ्याच्या पिसांवर खळ वाळून बसली होती, निळी. चाचीनं ती ओळखली नसती तर नवल. तिनं आईकडे पाहिलं. आईनं तिच्याकडे पाहिलं. मग चाचीनं वर्तमानपत्राचा कोपरा ओढून कोंबडीच्या तोंडावर घातला आणि उठली.

"माझीच हाय," ती म्हणाली. "माझं समाधान झालं. गुरुजी म्हणत्यात ते बरूबर हाय. मानमोडीच हाय ही."

अण्णांनी मान हलवली. सरपंच हात झटकायला लागले. तिथंच हे सगळं संपलं असतं, आणि मला वाटतं, बऱ्याच जणांना तसं चाललं असतं. चाचीलाही चाललं असतं. खरं कळलं तर मास्तरच्या बायकोला कामाला लावलं म्हणून तिच्याही नावानं बोभाटा झालाच असता.

आई हाताची माती पुसत म्हणाली, "मानमोडी नव्हती."

निघालेले सरपंच मागे वळले.

"खळ खाऊन मेली. मोरचुदाची. वाटी मी डाल्याखाली सारली होती, साहेब आले तेव्हा. नळ्या मी वळते. रोज दुपारी वळते." ती थांबली. "हलीमाबीला खोटं बोलायला नको लागू दे माझ्यासाठी."

शिवारात बार होण्याची वेळ झाली होती, आणि मला आठवतं, तो आता व्हावा असं मला फार वाटत होतं. झाला नाही. हेडमास्तर शेवग्याच्या शेंगांकडे बघत होते. शेवटी सरपंच बोलले. "म्हंजी रोग न्हाई. चला, गावातल्या कोंबड्या वाचल्या." आणि ते निघाले. जाताजाता आईला म्हणाले, "बाई, आमच्या घरीबी वळत्यात नळ्या. खळ वर ठेवत जावा, फळीवर."

त्या रात्री अण्णा जेवले. जेवणानंतर कंदिलाजवळ पुस्तिका घेऊन बसले. बराच वेळ पानं उलटल्यावर त्यांनी वाचलं, "'विषारी द्रव्ये पक्ष्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावीत.' इथं दिलेलं होतं."

"मग साहेब आले तेव्हा वाचायचं होतं," आई भांड्यांकडून म्हणाली.

अण्णांनी पुस्तिका मिटली. मला वाटलं, आता ते उभे राहतील. ते बसूनच राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "परसात उजेड कमी असतो. वळायच्याच असतील तर पुढच्या ओट्यावर बसत जा." याहून लांब भाषण त्यांनी नंतर अनेकदा केलं, पण याच्या तोडीचं केलं नाही.

टोपलीतल्या अंड्यांतून एकच पिलू निघालं. सकाळी आई चूल पेटवायला गेली तेव्हा ते लुगड्याच्या घडीत ओलं, चिडलेलं, ओरडत होतं. खिळा त्याच्या शेजारीच होता. निम्मं तुमचं, निम्मं आमचं, हा करार एका पिलाला कसा लावायचा यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी चर्चा झाली. ठरलं ते असं, की दिवसा आमच्याकडे आणि रात्री चाचीकडे. पुढे त्याचा कोंबडा झाला. तो पहाटे चाचीच्या छपरावर आरवायचा आणि चारा खायला आमच्याकडे यायचा. काही कर्तबगार माणसं मी नंतर याच पद्धतीनं जगताना पाहिली. दुपारी ओट्यावर आई आणि चाची नळ्या वळत बसायच्या, खळीची वाटी उंच कोनाड्यात असायची, आणि आदर्श पक्षीगृहात सरपण भरलेलं असायचं. गोदाकाकूसुद्धा येऊन बसायच्या. वळायच्या नाहीत, बसायच्या.

मग अण्णांची बदली तेरला झाली. निघताना कोंबड्याचं काय करायचं असा प्रश्न आला. चाची म्हणाली, "ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. निम्मा तुमचा हाय, म्या इसरत न्हाई." आई एसटीत बसेपर्यंत रडली नाही. तेरला गेल्यावरही काही दिवस दुपारच्या त्या वेळेला ती मान वर करून ऐकायची. तेरला कसलाच बार होत नसे.

वर्ष उलटून गेलं असेल. एका सकाळी दारात हलीमाचाची उभी. दोन गाड्या बदलून आली होती, पायात धूळ, काखेत कापडी पिशवी. आईला काही सुचेना. तिनं आधी चाचीला धरलं, मग पाणी आणायला वळली, मग पुन्हा परत आली. चाची म्हणाली, "थांबा बाई, आधी हे बघा." तिनं पिशवीतून नळ्यांच्या कागदाची एक पुडी काढली आणि जमिनीवर ठेवून उघडली. आत तांबडी-काळी पिसं होती, शेपटीचं एक लांब पीस, आणि वाळलेला एक पाय.

"नेवल्यानं धरला. परवा. एवढंच ऱ्हायलं," ती म्हणाली. "दाखवायला आणलंय."

आई खाली बसली. तिनं ती पुडी उजेडाकडे ओढली आणि घाई न करता एकेक पीस उचलून बघितलं. अण्णा खोलीतून आले. त्यांनी चष्मा लावला, वाकून पायाकडे पाहिलं आणि मान हलवली. पुस्तिकेची आठवण त्यांनी काढली नाही.

"दिसलं," आई म्हणाली.

"झालं मग," चाची म्हणाली, आणि पुडी बांधून बाजूला ठेवली. "आता च्या ठेवा."